पहिला जबाब

कळवणच्या कोर्टाच्या आवारात दोन प्रकारची माणसं पटकन ओळखू येतात. पुढची तारीख पडणार हे माहीत असल्याने निवांत तंबाखू मळत बसलेली एक, आणि खिशातलं समन्स दर थोड्या वेळाने काढून बघणारी दुसरी. ही दुसरी माणसं म्हणजे साक्षीदार. दळवट, कनाशी, अभोणा, नाहीतर त्याहून आतल्या एखाद्या पाड्यावरून सकाळच्या एसटीने आलेली. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो आरोपीही बऱ्याचदा त्याच एसटीत मागच्या सीटवर बसून आलेला असतो. पोलीस संरक्षण, साक्षीदारांची सुरक्षा वगैरे शब्द या प्रवासात कुठेच लागू पडत नाहीत.

नावाचा पुकारा होतो. माणूस आत जातो, शपथ घेतो. त्यानंतर त्याच्या बोलण्याचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. तो बोलतो ती मराठी कोकणा वळणाची, नाहीतर बागलाणकडची अहिराणी मिसळलेली. घटना विचारली तर तो आदल्या वर्षीच्या बांधावरच्या भांडणापासून सुरुवात करतो, मध्येच कुणाचा बैल कुणाच्या कांद्यात शिरला होता तिकडे जातो, मेव्हण्याचं लग्न सांगतो आणि मग मारामारीपाशी येतो. न्यायाधीश ऐकतात, कामाचं तेवढं वेचतात आणि टंकलेखकाला सांगतात. कागदावर उतरतं ते असं: ‘घटनेच्या दिवशी मी माझ्या शेतात हजर होतो. मी आरोपीस ओळखतो. तो आज न्यायालयात हजर आहे.’ उलटतपासात वकील एकेक सूचना करतात आणि खाली ओळी पडत जातात. ‘हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी घटनास्थळी हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, जुन्या वादामुळे मी खोटी साक्ष देत आहे.’ साक्षीदाराने प्रत्यक्षात नुसती मान हलवून ‘नाही साहेब’ म्हटलेलं असतं.

या सगळ्या ठरीव वाक्यांत एक वाक्य मात्र असं आहे की, फौजदारी खटल्याचं मर्म मी तिथे शोधेन. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात ते सापडेल. ‘आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती असे मी पोलिसांना जबाब देताना सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का लिहिलेले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’

हे वाक्य लिहून झालं की बचावाचे वकील समाधानाने खाली बसतात. साक्षीदाराला मात्र आपण काय गमावलं याचा पत्ता नसतो. पोलिसांपुढचा जबाब त्याच्या हस्ताक्षरात नसतो, त्याच्या शब्दांत नसतो आणि त्यावर त्याची सहीही नसते. कायद्यानेच ती घेऊ नये असं सांगितलं आहे. तो जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही. त्याचा उपयोग मुख्यतः एकच, साक्षीदार आता वेगळं बोलतोय हे दाखवण्यासाठी. तेव्हा सांगितलं नव्हतं आणि आता सांगतोय, याला कोर्टाच्या भाषेत वगळणूक म्हणतात. वगळलेली गोष्ट किती मोठी असली म्हणजे ती विसंगती ठरते, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तहसीलदार सिंग खटल्यात मोठा ऊहापोह केला. तरी प्रश्न रोज नव्याने उभा राहतो, कारण शक्यता दोन असतात. माणसाने कुऱ्हाड सांगितली होती आणि हवालदाराने घाईत लिहिली नाही, किंवा कुऱ्हाड नंतर कुणीतरी त्याच्या हातात दिली. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

साक्षीदार कसा दिसतो, किती ठामपणे बोलतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं का, यावर आपण सगळेच नकळत मत बनवतो. न्यायाधीशाला तर साक्षीदाराच्या आविर्भावाची नोंद करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. पण पाड्यावरचा माणूस त्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर बावचळतो, आणि मुरलेला लबाड तिथे अगदी सहज वावरतो. म्हणून साक्षीचं मोल ठरवायचं तर तिच्या आवाजापेक्षा तिचा प्रवास बघावा: ही गोष्ट पहिल्यांदा कधी सांगितली गेली, कुणाला, ती कुणी लिहिली, आणि लिहिलेला तो कागद न्यायालयापर्यंत पोचला का.

खुनासारखा गुन्हा तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालत नाही. ते तो सत्र न्यायालयाकडे पाठवतात. पण फिर्याद, जबाब, पंचनामा हा सगळा पाया ठाण्यात आणि शिवारातच पडलेला असतो. वरच्या कोर्टांत वर्षानुवर्षं चालतो तो त्या दोन-चार दिवसांत लिहिलेल्या कागदांचा कीस.

समजा, गिरणेकाठच्या एका मळ्यात रात्री चोर शिरले. कळवणकडे बरीच कुटुंबं गावठाणात न राहता मळ्यातच राहतात. घराला लागून कांदाचाळ, पुढे विहीर, शेजारचा दिवा तीन शेतं पलीकडे. झटापटीत घरधनी जखमी झाला आणि पुढे म्हणाला, ‘मी त्याला बघितलं.’ मग प्रश्न सुरू होतात. उजेड कशाचा होता? वीज होती की लोडशेडिंग? बॅटरी कुणाच्या हातात होती? चोराच्या हातातली बॅटरी तुमच्या तोंडावर असेल तर तिच्या मागचा चेहरा दिसत नाही; हे कोणालाही घरी करून बघता येईल. किती अंतरावरून, किती वेळ? तोंडाला फडकं होतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हा माणूस पूर्वी ओळखीचा होता का? ओळखीचा माणूस चालीवरून, खाकरण्यावरूनही अंधारात कळतो. अनोळखी माणूस उजेडातही नीट लक्षात राहत नाही.

चांदणं होतं असं साक्षीदार म्हणाला, तर जुने वकील पंचांग मागवतात. ही युक्ती जगभर चालते. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी वकिली करत असताना १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये खुनाच्या एका खटल्यात त्यांनी हेच केलं होतं. साक्षीदार म्हणत होता, रात्री अकराच्या सुमारास चांदण्यात मी दीडशे फुटांवरून वार पाहिला. लिंकननी घटनेच्या वर्षाचं पंचांग पुढे ठेवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता. आरोपी सुटला. आपल्याकडे तिथी-नक्षत्र भिंतीवरच टांगलेलं असतं. तरीही तपासी अंमलदाराने पंचनाम्यात उजेडाबद्दल एक ओळ लिहिलेली नाही असं अनेकदा आढळतं.

मळ्यातल्या गुन्ह्याला साक्षीदार घरचेच असणार. ‘फिर्यादीची बायको, फिर्यादीचा भाऊ, म्हणजे हितसंबंधी’, हा बचावाचा हमखास मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच, दलीप सिंग खटल्यात, त्याला उत्तर दिलं आहे: खरा गुन्हेगार सोडून भलत्याला गोवायला जवळचा नातेवाईक सहसा तयार होणार नाही. पण त्याच निकालात एक पुस्ती आहे आणि ती वकील सोयीनुसार विसरतात. जिथे जुनं वैर आहे, तिथे खऱ्या गुन्हेगाराबरोबर आणखी दोन-चार नावं घुसडण्याचा मोह होतो. बांधाच्या भांडणात एकाने काठी मारली तर फिर्यादीत तीन भाऊ आणि एक चुलता येतो, हे आपल्या गावगाड्याला सांगायला नको.

मग अशा साक्षीचं करायचं काय? एक गोष्ट खोटी निघाली की सगळी साक्ष टाकून द्यायची, हा नियम आपल्याकडे चालत नाही. न्यायालयं दाणा आणि भुसा वेगळा करतात. १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालाने साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले: पुरता विश्वासार्ह, पुरता अविश्वासार्ह, आणि या दोहोंच्या मधला. पहिला एकटा असला तरी शिक्षेला पुरे, कारण किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायदा मागत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३४ आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३९ हेच सांगतं. दुसऱ्याला घरी पाठवायचं. अडचण तिसऱ्याची, आणि पिंजऱ्यात उभे राहतात ते बहुतेक तिसरेच. त्यांच्या शब्दाला बाहेरचा टेकू लागतो: जखमेचा वैद्यकीय दाखला, रक्ताचा गट, दूरध्वनीची नोंद, काहीही.

बारीकसारीक तफावतीचं अवडंबर माजवू नये, हेही न्यायालयांनी बजावलं आहे. १९८३ मध्ये गुजरातच्या भरवाडा भोगिनभाई खटल्यात न्या. म. प्र. ठक्कर यांनी त्याची कारणंच मांडली. माणसाची आठवण चित्रफितीसारखी नसते. वेळेचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. अचानक घडलेल्या गोष्टीत एकाचं लक्ष एकीकडे, दुसऱ्याचं दुसरीकडे. आणि कोर्टातल्या वातावरणाने, धारदार उलटतपासाने साधा माणूस गोंधळतो. हे वाचताना मला त्या समन्स चाचपणाऱ्या माणसांची आठवण होते. ‘घटनास्थळापासून तुम्ही किती मीटरवर होतात?’ या प्रश्नाला पाड्यावरचा माणूस ‘हाळी ऐकू येईल एवढ्यावर’ असं म्हणेल, तर त्याचं उत्तर मीटरपेक्षा खरं असण्याची शक्यता अधिक. पण वकिलाच्या आग्रहाने तो ‘पन्नास’ म्हणतो, नकाशात ऐंशी निघतात, आणि युक्तिवादात तीस मीटरचं खोटं जन्माला येतं.

मुद्देमालाबद्दल थोडं सांगतो, कारण वर्तमानपत्रांत ‘आरोपीने गुन्ह्यातले हत्यार काढून दिले’ असं छापून आलं की वाचकाचा निकाल लागलेला असतो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही. पण त्या कबुलीतल्या ज्या भागामुळे एखादी वस्तू सापडते, तेवढा भाग चालतो. जुनं कलम २७, नवीन कायद्यात कलम २३ चं परंतुक. हा भाग किती छोटा असतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात सांगून ठेवलं. ‘मी विळा कडब्याच्या गंजीत ठेवला आहे, चला दाखवतो’, यातून सिद्ध होतं ते एवढंच की विळा तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं. विळ्याने कुणाला मारलं हे त्यातून सिद्ध होत नाही. आता कळवण तालुक्यात विळा, कोयता, कुऱ्हाड नाही असं घर दाखवा. त्यावर माणसाचं रक्त निघालं का, ते मयताच्या रक्ताशी जुळलं का, मुद्देमाल मोहोरबंद होता का, नाशिकच्या प्रयोगशाळेत तो कधी पोचला आणि तोवर ठाण्यात कुणाच्या ताब्यात होता, यावर विळ्याची किंमत ठरते. आणि पंच? ‘पोलिसांनी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या’ असं सांगून फितूर झालेले पंच प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. त्यातले काही खोटं बोलत असतात. काही मात्र अगदी खरं.

इथवरचं सगळं वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. शिकवूनही काय होऊ शकतं, ते आपल्याच जिल्ह्यात घडलं आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतवस्तीवर ५ जून २००३ च्या रात्री दरोडेखोर शिरले. पाच जणांचा खून झाला. घरातल्या स्त्रीवर आणि अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला; ती मुलगी मृतांमध्ये होती. जबर जखमी होऊन दोघं वाचली, आई आणि तिचा एक मुलगा. पुढे भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. वाचलेल्या दोघांची साक्ष हा त्याचा कणा होता.

जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांनी हीच साक्ष वाचली आणि तिन्ही ठिकाणी ती विश्वासार्ह ठरली. शिक्षेत फरक पडला, अपराध सिद्ध झाल्याबद्दल कुणालाच शंका आली नाही. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी चुकीच्या पूर्वनिर्णयावर बेतलेल्या फाशीच्या शिक्षा रद्द कराव्यात म्हणून राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. त्यांत या सहा जणांचाही समावेश होता. पण तो आक्षेपसुद्धा शिक्षेबद्दलचा होता. मधल्या काळात सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही निष्पन्न झालं.

शेवटी दार उघडलं ते वेगळ्याच कारणाने. जन्मठेपेची फाशी करताना त्या तिघांना आपली बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली. ५ मार्च २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. न्या. सिक्री दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे.

दहा वर्षांत पुराव्यात नवीन काय आलं? काहीच नाही. नवे डीएनए अहवाल नव्हते, खरा गुन्हेगार पुढे येऊन कबूल झाला नव्हता. कागद तेच होते. त्यातल्या एका कागदाकडे न्यायालयाने या वेळी नीट पाहिलं.

तो कागद ७ जून २००३ चा. घटनेला दोन दिवस झालेले. त्या दिवशी विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर त्या आईचा जबाब झाला. पोलिसांनी तिला अभिलेखावरच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला. तिने त्यातले चार चेहरे ओळखले: हेच ते. हे चौघं त्या सहा आरोपींपैकी नव्हते. त्यांना अटक झाली नाही, त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही, ते त्या रात्री कुठे होते हेसुद्धा तपासात पुढे आलं नाही. ज्या दंडाधिकाऱ्यांपुढे ओळख झाली त्यांना सरकार पक्षाने साक्षीला बोलावलं नाही. सरकार पक्षाने ही बाब दडवली, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं.

या खटल्याबद्दल बोलताना ‘साक्षीदार खोटं बोलली’ असं पटकन तोंडात येतं. मला ते क्रूर वाटतं. तिला खोटं बोलण्याचं कारण नव्हतं. जे तिच्या डोळ्यांदेखत झालं त्यानंतर तर मुळीच नव्हतं. आठवण अगदी ताजी असताना, एका अधिकृत माणसासमोर, तिने चेहरे दाखवले. व्यवस्थेने ते बाजूला ठेवले आणि दुसरी माणसं पुढे उभी केली. नंतरची साक्ष ही त्या दुसऱ्या माणसांची साक्ष झाली.

हे कसं होतं याचा अभ्यास मानसशास्त्राने पुष्कळ केला आहे. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना सौम्य क्रियापद वापरलं, ‘धडकल्या’. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, काच फुटलेली दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. यांतला कुणीही लबाड नव्हता. आपला कायदा सरतपासात सूचक प्रश्न विचारू देत नाही, ते याच कारणाने. गंमत अशी की हे बंधन कोर्टात आहे, जिथे आठवण केव्हाच घट्ट झालेली असते. ठाण्यात, जिथे ती अजून ओली असते, तिथे ‘हाच होता ना तो?’ असं विचारायला कुणाचीच हरकत नसते.

चेहऱ्यांचं तर आणखी विचित्र. नॉर्थ कॅरोलिनात १९८४ मध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला होता. आधी छायाचित्रांतून, मग ओळखपरेडीत, मग कोर्टात तिने रोनाल्ड कॉटनला ओळखलं, आणि प्रत्येक वेळी तिची खात्री वाढत गेली. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. दुसऱ्या वेळी ती हल्लेखोराला ओळखत नव्हती. ती छायाचित्रातल्या माणसाला ओळखत होती. म्हणून पहिल्या ओळखीला जी किंमत आहे ती दुसरीला नाही, आणि कोर्टातल्या ओळखीला तर फारच थोडी. पिंजऱ्यात कोण उभं आहे हे तिथे झाडलोट करणाऱ्यालाही कळतं.

ओळखपरेड कशी घ्यावी याचे नियम आपल्याकडे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीसाठी किमान सहा आणि दोघांसाठी दहा-बारा माणसं रांगेत हवीत. एका परेडीत दोनपेक्षा जास्त आरोपी शक्यतो नकोत. डमी माणसं वयाने, बांध्याने आरोपीशी मिळतीजुळती हवीत. तालुक्याच्या गावी मिळतीजुळती माणसं आणायची कुठून, हा नायब तहसीलदारांपुढचा खरा पेच. मग बाजारातून चार जण आणि तहसील कचेरीतले दोन शिपाई उभे राहतात, आणि कोठडीतून आणलेला, दाढी वाढलेला माणूस त्यांत आपोआप उठून दिसतो.

हे फक्त गरिबांच्या, गाजावाजा न झालेल्या खटल्यांत होतं असंही नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं होतं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवस गप्प का राहिले आणि मग त्यांना चेहरे कसे आठवले, तसंच ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकार होता का, हे त्यातले कळीचे मुद्दे होते. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत सांगितलं की हा निकाल तूर्त इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जावं लागलं नाही. त्यानंतर दहा दिवसांच्या आत, ३१ जुलैला, आपल्या शेजारच्या मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. त्यात तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले होते. दोन्ही निकालांवर लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे आनंद आणि संताप वाटून घेतला. जबाब कसे लिहिले गेले, यावर वाद घालताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही.

नाशिकच्या निकालात एक निरीक्षण आहे, ते सहज वाचून पुढे जाण्यासारखं नाही. आरोपी भटक्या जमातीतले, तळाच्या थरातले, गरीब मजूर आहेत. त्यामुळे त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालय म्हणतं. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. कागदावरून गेला, नजरेतून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी इथून फार लांब नसलेल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. तेही भटकेच होते, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाला पुरावा लागला नाही याचा आपल्याला धक्का बसतो. तपासाच्या फायलीत हीच घाई शिरली तर मात्र ती ओळखू येत नाही, कारण तिच्याखाली सही आणि शिक्का असतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रण करावं लागतं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होणार आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. पोलिसांपुढचा जबाब ध्वनिचित्रित करता येतो. ‘करता येतो’, करावाच लागतो असं नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. विळा जप्त करतानाचं चित्रण सक्तीचं आणि माणसाच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलेले शब्द मात्र हवालदाराच्या मर्जीवर. दळवटच्या म्हातारीने तिच्या बोलीत, तिच्या क्रमाने, मध्येच बैलाची गोष्ट सांगत जे सांगितलं ते जसंच्या तसं मोबाइलवर टिपून ठेवलं, तर पाच वर्षांनी ‘याचे कारण मला सांगता येणार नाही’ हे वाक्य लिहिण्याची वेळ येणार नाही. तिने कुऱ्हाड सांगितली असेल तर ऐकू येईल, नसेल तर तेही ऐकू येईल. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली. तिचा फायदा मोठ्या शहरातल्या मोठ्या खटल्यात कदाचित मिळतही असेल. पण साक्षीच्या आदल्या रात्री पाड्यावर जी बैठक बसते, ज्यात दोन्हीकडचे म्हातारे ‘जाऊ दे, मिटवून टाका’ म्हणतात, ती बैठक कुठल्या योजनेने थांबणार नाही. ध्वनिमुद्रित पहिला जबाब असेल तर निदान दुसऱ्या दिवशीच्या ‘मला काही माहीत नाही’ या उत्तराचं वजन करता येईल.

२०१९ च्या निकालात आरोपींना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आहे. सोळा वर्षांचे महिने केले तर महिन्याला सुमारे २,६०० रुपये पडतात, दिवसाला नव्वदही नाहीत. गृह विभागाने तपासात आणि खटल्यात कसूर करणारे अधिकारी शोधावेत, ते अजून सेवेत असतील तर कारवाई करावी, असाही आदेश आहे. आणि अल्बममधल्या चौघांबद्दल पुढील तपास करावा. त्या बाईने हातावर सलाईनच्या सुयांचे व्रण असतील अशा दिवसांत जे सांगितलं होतं, त्याची दखल घ्या असा लेखी हुकूम निघायला पंधरा वर्षं आणि नऊ महिने लागले. तोवर तिच्या गुन्हेगारांना शिक्षा झाली आहे, असं तिला तीनदा सांगून झालं होतं.